चाचणीतला ‘जर’

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची मुख्य अंमलबजावणी (ती भाषा प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) म्हणजे सीपायथन. तिच्या सोर्स कोडमध्ये चाचण्यांना लागणाऱ्या मदतनीस फंक्शनांची एक फाइल आहे आणि तीत फाइल पुसून टाकणारे एक साधे फंक्शन आहे. लिनक्सवर त्याचे काम तिथल्या तिथे संपते. विंडोजवर मात्र ते फाइल पुसण्याची आज्ञा देते आणि ती खरोखर गेली का हे पाहत थांबते: आधी एक मिलिसेकंद, मग दोन, मग चार, असे दर वेळी दुप्पट करत एकूण साधारण एक सेकंदापर्यंत. तेवढ्या वेळातही फाइलीचे नाव फोल्डरमधून गेले नाही, तर पुढच्या चाचण्या फसू शकतील असा इशारा छापून ते पुढे सरकते. कारण असे, की विंडोजवर पुसण्याची विनंती मान्य झाली तरी फाइल त्याच क्षणी नाहीशी होतेच असे नाही. अँटिव्हायरसने किंवा शोधासाठी सूची तयार करणाऱ्या एखाद्या सेवेने ती फाइल नेमकी तेव्हाच उघडलेली असेल, तर तिने ती सोडेपर्यंत फाइल ‘जाण्याच्या बेतात’ राहते आणि तेवढ्या वेळात त्याच नावाची नवी फाइल करू पाहणारी पुढची चाचणी विनाकारण फसते.

एखादी भाषा नीट समजून घ्यायची असेल, तर मी तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेइतकाच तिचा चाचणीसंच, ज्याला आपण सगळे टेस्ट सूट म्हणतो तो, वाचतो. मार्गदर्शिकेत भाषा कशी वागावी हे लिहिलेले असते. चाचणीसंचात ती कुठे कशी वागते हे सापडते, आणि त्यातही सर्वांत बोलका भाग असतो तो ऑपरेटिंग सिस्टीमनुसार बदलणाऱ्या अटींचा. ‘जर विंडोज असेल तर’, ‘जर मॅकओएस नसेल तर’, ‘जर फोर्क उपलब्ध असेल तर’ अशा शेकडो ‘जर’ त्यात विखुरलेल्या असतात. नवख्याला हा कचरा वाटतो, आणि काही ठिकाणी तो असतोही. पण यातली प्रत्येक अट लिहिताना कुणाला तरी एक निर्णय घ्यावा लागलेला असतो: इथे जो फरक दिसतो आहे, तो ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वभाव म्हणून मान्य करायचा, की भाषेने दिलेले वचन मोडले असे समजून भाषा दुरुस्त करायची? चाचणीत अट लिहिणे हे पहिले उत्तर निवडणे असते. पुष्कळदा ते बरोबर असते. पण ते उत्तर निवडले आहे याची जाणीव लिहिणाऱ्याला नेहमी असतेच असे मात्र दिसत नाही.

फाइलीचे नाव बदलणे हे याचे चांगले उदाहरण आहे. नव्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर युनिक्स कुळातल्या सिस्टीम तिच्या जागी नवी फाइल बसवतात. विंडोजवर पायथनचे ‘रीनेम’ अशा वेळी चूक दाखवून थांबते. याला अनुसरून दोन वेगळ्या अपेक्षा लिहिणारी चाचणी सहज करता येईल आणि ती दोन्हीकडे हिरवी, म्हणजे पास, दिसेल. मात्र जुनी फाइल एका झटक्यात बदलणे ही गरज सर्वांचीच असते आणि प्रत्येक प्रोग्रामरने आपापल्या कोडमध्ये तीच अट पुन्हा लिहावी हे काही शहाणपणाचे नाही. म्हणून पायथन ३.३ मध्ये ‘रिप्लेस’ नावाचे वेगळे फंक्शन आले, ज्याचे वचन सर्व सिस्टीमवर सारखे आहे, आणि त्याच्या चाचणीला ‘जर’ची गरज उरली नाही. ‘रीनेम’ मात्र होते तसेच राहिले, कारण त्याच्या त्या वागण्यावर विसंबलेले प्रोग्राम जगात आधीच होते.

घड्याळाचेही असेच झाले. विंडोजवर पायथनचे एकदिशा चालणारे घड्याळ, म्हणजे कधीही मागे न जाणारे ‘मोनोटॉनिक’, अनेक वर्षे सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे सरकत असे. दहा मिलिसेकंद थांबून ‘किती वेळ गेला’ असे विचारले, तर उत्तर शून्यही येऊ शकत होते. त्यामुळे वेळ मोजणाऱ्या चाचण्यांना विंडोजसाठी सैल माप ठेवावे लागे. पायथन ३.१३ मध्ये हे घड्याळ विंडोजच्या अधिक सूक्ष्म मोजणीवर बसवले गेले आणि त्याचा टप्पा मायक्रोसेकंदापर्यंत खाली आला. विंडोजकडे ती सूक्ष्म मोजणी फार पूर्वीपासून होती. सिस्टीमचा स्वभाव म्हणून चाचण्यांनी जे पदरात घेतले होते, ते निम्मे तरी पायथनच्या स्वतःच्या निवडीचे फळ होते. अशी उदाहरणे पाहिली, की चाचणीतल्या प्रत्येक सैल मापाकडे मी जरा संशयाने पाहू लागतो.

आता अट कशी लिहायची हा प्रश्न. जुन्या कोडमध्ये बहुधा सिस्टीमचे नाव विचारलेले दिसते: हे विंडोज आहे का, हे सोलारिस आहे का. त्यापेक्षा क्षमतेबद्दल विचारावे, असा एक प्रघात युनिक्सच्या जगात फार पूर्वी रुजला. ऑटोकॉन्फसारखी साधने प्रोग्राम बांधण्यापूर्वी सिस्टीमचे नाव पाहत बसत नाहीत; छोटासा प्रोग्राम करून पाहतात आणि अमुक फंक्शन आहे की नाही हे ठरवतात. पायथनच्या चाचण्यांतही याच वळणाने ‘ओएस मॉड्यूलमध्ये फोर्क आहे का’ अशी विचारणा रूढ झाली; ओएस मॉड्यूल म्हणजे सिस्टीमच्या सोयी देणारा पायथनचा भाग. फोर्क म्हणजे चालू प्रक्रियेची हुबेहूब दुसरी प्रत तयार करणे. युनिक्समध्ये ही मूलभूत सोय आहे, विंडोजवर ती नाही, आणि विंडोजवरच्या पायथनमध्ये ते नावच नसते. म्हणून नाव असले तर चाचणी चालवा, नसले तर वगळा, हा नियम नीटस होता. उद्या एखादी नवी सिस्टीम आली, तरी चाचणीला हात लावावा लागणार नाही अशी त्यामागची आशा होती.

ती आशा वेबअसेंब्लीने, म्हणजे ब्राउझरमध्ये प्रोग्राम चालवू देणाऱ्या कोडच्या एका स्वरूपाने, मोडली. पायथन ३.११ च्या सुमारास ब्राउझरमध्ये आणि तत्सम बंदिस्त वातावरणात चालणारे पायथन प्रायोगिक पातळीवर बांधले जाऊ लागले. ही वातावरणे वरवर पॉझिक्ससारखी, म्हणजे युनिक्स कुळाच्या सामाईक प्रमाणासारखी, दिसतात, त्यामुळे फंक्शनचे नाव हाताला लागू शकते, पण नवी प्रक्रिया सुरू करण्याची ताकद त्यामागे नसते. नाव आहे म्हणून क्षमता आहे, हे गृहीतक तिथे कोसळले. मग चाचण्यांच्या मदतनीस फाइलीत ‘फोर्क खरोखर चालतो का’ हे सांगणारी एक स्वतंत्र खूण तयार झाली आणि ठिकठिकाणच्या चाचण्या तिच्यावर विसंबू लागल्या. ३.१३ मध्ये आयओएस आणि अँड्रॉइड यांना अधिकृत, पण सर्वांत खालच्या पातळीचा पाठिंबा मिळाला, तेव्हा ती खूण आणखी मोठी झाली. आज ती अट साधारण अशी वाचता येते: ओएस मॉड्यूलमध्ये फोर्कचे नाव असले पाहिजे, आणि हे वेबअसेंब्ली नसले पाहिजे, आणि आयफोनच्या कुळातली सिस्टीम नसली पाहिजे, कारण तिथे उपप्रक्रिया चालत नाहीत, आणि अँड्रॉइडही नसले पाहिजे, पण त्याचे कारण निराळे आहे. अँड्रॉइडवर फोर्क आहे आणि तो चालतो. मात्र अँड्रॉइडचे प्रत्येक ॲप एकाहून अधिक थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रक्रियेतल्या समांतर धाग्यांवर, चालते, आणि अनेक थ्रेड असलेल्या प्रक्रियेची प्रत काढली की प्रतीत फक्त फोर्क करणारा थ्रेड जिवंत राहतो; सामाईक माहितीवर इतरांनी लावलेली कुलुपे मात्र लावलेलीच राहतात आणि ती उघडणारे कुणी उरत नाही. म्हणून पायथनमधून तिथे फोर्क करणे असुरक्षित आहे.

ही एक अट मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी तिच्यातले कारणांचे वेगळेपण मला महत्त्वाचे वाटते. विंडोजवर ती गोष्टच नाही. वेबअसेंब्लीत नाव असू शकते, पण गोष्ट नाही. अँड्रॉइडवर नावही आहे आणि गोष्टही आहे, पण ती वापरू नये. ‘क्षमता विचारा, नाव विचारू नका’ हा सल्ला पहिल्या प्रकाराला पुरतो, दुसऱ्याला ओढूनताणून लागू करता येतो, आणि तिसऱ्यासमोर निरुपयोगी ठरतो, कारण तिथे प्रश्न क्षमतेचा नसून विवेकाचा आहे आणि विवेक कोणत्याही छोट्या प्रोग्रामने चाचपून पाहता येत नाही. तो कुणीतरी माणसाने, सिस्टीमचे नाव घेऊन, कारणासकट लिहून ठेवावा लागतो. सीपायथनमध्ये तो एका जागी, एका टिप्पणीसह लिहिला गेला. दोनशे चाचण्यांत विखुरला असता, तर अँड्रॉइडचे कारण वेगळे आहे हे वाचणाऱ्याला कळले नसते आणि पुढे ते थ्रेडचे संकट कुणी सोडवले, तर नेमक्या कोणत्या अटी काढायच्या हेही उमगले नसते.

फोर्कची गोष्ट इथे संपत नाही. मॅकओएसवर फोर्क आहे, पण सिस्टीमच्या काही लायब्रऱ्या फोर्कनंतर प्रक्रिया कोसळवू शकतात, म्हणून पायथन ३.८ पासून मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूलने तिथे नवी प्रक्रिया कोऱ्या पाटीपासून सुरू करण्याची पद्धत मूळ निवड म्हणून स्वीकारली. ३.१४ मध्ये लिनक्सवरही थेट फोर्कची जागा फोर्कसर्व्हर नावाच्या पद्धतीने घेतली; तीत वेगळी ठेवलेली एक साधी प्रक्रिया फोर्क करते. या मॉड्यूलच्या चाचण्यांची रचना मला फार आवडते: चाचण्यांचा मजकूर एकाच फाइलीत आहे, आणि फोर्क, स्पॉन (वर सांगितलेली कोऱ्या पाटीची पद्धत) व फोर्कसर्व्हर या तीन पद्धतींसाठी तोच मजकूर तीनदा चालवणाऱ्या छोट्या फाइली वेगळ्या आहेत. विंडोजवर त्यांतली एकच पद्धत चालते, लिनक्सवर तिन्ही. सिस्टीमचा फरक इथे चाचणीच्या पोटात शिरतच नाही; तो बाहेर, कोणती पद्धत चालवायची या पातळीवर थांबतो. त्यामुळे उद्या मूळ निवड बदलली, तरी चाचणीच्या मजकुराला धक्का लागत नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे दोन सिस्टीमवर नाव एक आणि अर्थ दोन. सॉकेटचा, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकाचा, पत्ता पुन्हा वापरू देणारा पर्याय लिनक्सवर आणि विंडोजवर एकाच नावाने मिळतो. लिनक्सवर त्याचा उपयोग असा, की नुकत्याच बंद झालेल्या सर्व्हरचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक), जुने कनेक्शन पूर्ण विरण्याची वाट न पाहता, पुन्हा घेता येतो. विंडोजवर तोच पर्याय दुसऱ्या प्रक्रियेला चालू असलेला पोर्टही बळकावू देतो, आणि मग कोणती जोडणी कुणाकडे जाईल याचा भरवसा राहत नाही. एकाच यंत्रावर अनेक चाचण्या समांतर चालत असतील, तर हे घातक ठरते, कारण दोन चाचण्या एकाच पोर्टवर बसतात, कुणालाही चूक दिसत नाही आणि सगळे लटकून राहते. सीपायथनच्या मदतनीस फंक्शनाने यावर ठाम भूमिका घेतली आहे: चाचणीतल्या टीसीपी सॉकेटवर हा पर्याय लावलेला आढळला, तर ते फंक्शन चाचणीच नापास करते. सिस्टीम कोणतीही असो. लिनक्सवर काम करणाऱ्या माणसाला त्याच्या यंत्रावर निरुपद्रवी असलेली गोष्टही करू द्यायची नाही, कारण तिचा त्रास दुसऱ्या कुणाला तरी होणार आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण बहुतेक जण आपापल्या यंत्रावर चाचण्या चालवून निश्चिंत होतात आणि लिनक्सवर तो पर्याय लावण्याची सवय हाताला असते.

फाइलींच्या नावांकडे आलो, की मराठी माणसाला या विषयात थेट नाते सापडते. आपल्या ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ०९३१ क्रमांकाचे एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे मिळून. युनिकोडच्या दृष्टीने ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत आणि पडद्यावर ती सारखीच दिसतात. आता ‘दुसऱ्या-सत्राचे-गुण’ या नावाची फाइल एका प्रोग्रामने पहिले रूप वापरून तयार केली आणि मग फोल्डरची यादी मागून त्यात तेच नाव शोधले. लिनक्सवर ते सापडेल, कारण लिनक्सला नाव म्हणजे निव्वळ बाइटांची ओळ; तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडले तर त्यात काहीही चालते. विंडोजच्या एनटीएफएसवरही ते जसेच्या तसे परत मिळेल. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल प्रणालीवर मात्र ते सापडणार नाही, कारण ती नाव साठवतानाच त्याची फोड करते, आणि परत येणाऱ्या नावात एका चिन्हाऐवजी दोन असतात. बरोबरीची तुलना फसते आणि छापून पाहिले तर दोन्ही नावे एकसारखी. २०१७ मध्ये मॅकओएस १०.१३ बरोबर आलेल्या एपीएफएसने यात आणखी एक वागणूक आणली: नाव दिले त्याच रूपात साठवायचे, पण शोधताना दोन्ही रूपे एकच मानायची.

सीपायथनमध्ये चाचण्यांसाठी वापरायच्या तात्पुरत्या फाइलीच्या नावाला युनिकोड अक्षरांचे एक शेपूट जोडलेले असते. त्या अक्षरांतली काही स्वरचिन्हे असलेली लॅटिन अक्षरे आहेत, आणि मॅकवर हे नाव आधीच फोडून घेतले जाते, म्हणजे नंतर होणारी तुलना जुळते. याच विषयावरच्या दुसऱ्या एका चाचणी फाइलीत जर्मन, ग्रीक, रशियन, जपानी, हिब्रू आणि चिनी नावे आहेत. देवनागरी नाव मला त्या यादीत दिसले नाही. नावांच्या रूपांची तुलना करणारी तिथली एक चाचणी मॅकवर वगळली जाते आणि वगळण्याचे कारण म्हणून ती तिथे अप्रस्तुत असल्याचे लिहिले आहे. या ‘अप्रस्तुत’ शब्दावर मी समाधानी नाही. मॅकवर हा प्रश्न उद्भवत नाही असे नाही. उलट तो तिथेच सर्वांत जास्त उद्भवतो. पायथनने नावांचे रूप स्वतःहून बदलायचे नाही असा निर्णय घेतला आहे आणि तो मला मान्य आहे, कारण भाषेने फाइलीचे नाव परस्पर बदलले तर लिनक्सवरच्या काही फाइली कधीच उघडता येणार नाहीत. पण मग चाचणीने ‘मॅकवर असे होते’ हे लिहून ठेवायला हवे होते: हे नाव दिले, ते नाव परत आले, आणि दोन्ही नावांनी फाइल उघडली. वगळलेली चाचणी काहीच सांगत नाही. वेगळी अपेक्षा लिहिलेली चाचणी निदान त्या सिस्टीमचे वर्णन करते, आणि एपीएफएससारखा बदल झाला की लाल, म्हणजे नापास, होऊन तो बदल दाखवते.

उलट दिशेचा प्रश्न लिनक्सवर येतो. तिथे फाइलीच्या नावात वैध यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहिण्याची रीत) नसलेले बाइट असू शकतात आणि पायथन ३ मध्ये नावे तर अक्षरमालिका असतात. २००९ च्या पायथन ३.१ मध्ये आलेल्या पेप ३८३ ने (पेप म्हणजे पायथनविषयीचा क्रमांकित प्रस्ताव-दस्तऐवज) अशा प्रत्येक न उलगडणाऱ्या बाइटाला एका राखीव चिन्हाचे सोंग दिले, म्हणजे तो परत लिहिताना मूळ बाइट जसाच्या तसा मिळतो. याची चाचणी लिनक्सवर करता येते. मॅकवर करता येत नाही, कारण मॅक असे अवैध नाव मुळात तयारच करू देत नाही. इथे वगळणे अगदी योग्य आहे, कारण परीक्षेची वस्तूच तिथे अस्तित्वात येऊ शकत नाही.

वगळण्याबद्दल मला खरी काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. वगळलेली चाचणी लाल होत नाही. निकालाच्या शेवटी ‘इतक्या चाचण्या वगळल्या’ असा एक आकडा येतो आणि तो कुणी पाहत नाही. समजा, लिनक्सच्या यंत्रावर पायथन बांधताना एसएसएलची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, लायब्ररी सापडली नाही. मग एसएसएलच्या सगळ्या चाचण्या मुकाट्याने वगळल्या जातील आणि एकूण निकाल यशाचाच येईल. पायथन २ च्या काळात चाचण्या चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये यावर एक भाबडा पण प्रामाणिक उपाय होता. तिथे प्रत्येक सिस्टीमच्या नावापुढे, त्या सिस्टीमवर कोणत्या चाचण्या वगळल्या जाणे अपेक्षित आहे याची हाताने लिहिलेली यादी होती. विंडोज आणि लिनक्स तर होतेच, शिवाय एचपी-यूएक्स, युनिक्सवेअर, रिस्क ओएस, अथिओएस अशी आता फारशी कुणाला न आठवणारी नावेही होती. यादीबाहेरची चाचणी वगळली गेली, की निकालात ‘अनपेक्षित’ म्हणून तिचे नाव वेगळे छापले जाई. आणि सिस्टीमच यादीत नसेल, तर या प्रोग्रामला तिच्याबद्दल शिकवा, अशी विनंती छापली जाई.

ती यादी पुढे काढून टाकण्यात आली आणि कारण उघड आहे: हाताने लिहिलेली अशी यादी सतत शिळी होते, आणि शिळ्या यादीतल्या ‘अनपेक्षित’ या इशाऱ्याकडे लोक डोळेझाक करायला शिकतात. तरीही तिच्यामागची कल्पना मला आजच्या अनेक व्यवस्थांपेक्षा सरस वाटते. तिचा छोटा अवशेष सीपायथनमध्ये अजून आहे. चाचणीत एखादे मॉड्यूल मागवताना ‘हे अमुक सिस्टीमवर असलेच पाहिजे’ असे सांगता येते. विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जची नोंदवही, वाचणारे मॉड्यूल लिनक्सवर मिळाले नाही, तर चाचणी वगळली जाते. विंडोजवर मिळाले नाही, तर ती नापास होते. गो भाषेने दुसरी वाट काढली. तिच्या चाचण्यांच्या अंतर्गत मदतनीस पॅकेजला आपण गोच्या अधिकृत चाचणी यंत्रांपैकी एकावर चालत आहोत का, हे विचारता येते. त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर एखादे साधन नसले तर वगळण्याची मुभा देऊनही, जिथे ते साधन असायलाच हवे तिथे त्याच अभावाला अपयश ठरवता येते. वगळण्याचा हक्क कुणाला आहे, हे तिथे ठरवलेले आहे.

गोमध्ये आणखी एक सोय आहे. चाचणी फाइलीच्या नावात शेवटच्या ‘टेस्ट’च्या आधी विंडोज किंवा लिनक्स असा तुकडा असला, की ती चाचणी फक्त त्या सिस्टीमसाठी बांधली जाते. दिसायला हे फार स्वच्छ आहे. पण अशी चाचणी इतरत्र वगळलीही जात नाही. ती तिथे नसतेच, आणि नसलेल्या गोष्टीचा आकडाही छापला जात नाही. म्हणून फक्त एकाच सिस्टीमवर अर्थ असलेल्या गोष्टींसाठी, जसे विंडोजच्या सेवा किंवा प्लॅन ९ या सिस्टीमच्या खास वागणुकी, ही पद्धत ठीक आहे. सगळीकडे असायला हव्या अशा वागण्याची चाचणी त्या फाइलीत कुणी टाकली, तर ती हरवली असेच समजावे.

रस्ट भाषेच्या कंपायलरची, म्हणजे कोडचे प्रोग्राममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाची, चाचणी पाहिली तर प्रश्नाचे रूपच बदलते. तिथे कंपायलरने छापलेला, चूक दाखवणारा संदेश अक्षर न् अक्षर अपेक्षित मजकुराशी जुळवला जातो, आणि त्या संदेशात फाइलींचे मार्ग येतात. विंडोजवर उलटी तिरपी रेघ, इतरत्र सुलटी. प्रत्येकाच्या यंत्रावर फोल्डरही वेगळे. म्हणून तुलना करण्यापूर्वी मजकूर धुऊन घेतला जातो: मार्गाच्या जागी ठरावीक खूण, उलट्या रेघांच्या जागी सुलट्या. ही पद्धत अपरिहार्य आहे, पण ती जपून वापरावी असे वाटते, कारण धुण्याचा नियम जितका व्यापक, तितकी खरी चूक धुतली जाण्याची शक्यता जास्त. कंपायलरने विंडोजवर उद्या मार्गात चुकून सुलटी रेघ छापली, तर धुतलेल्या मजकुरावरून ते कुणालाच कळणार नाही.

मजकुराच्या ओळी कुठे संपतात याचा फरक तर चाचणी सुरू होण्याआधीच घरात शिरतो. विंडोजवर गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन फाइली उतरवताना ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे जादा चिन्ह जोडू शकते. एखाद्या चाचणीची नमुना फाइल बाइटाबाइटाने जुळायला हवी असेल, तर ती चाचणी कोडमध्ये काहीही चूक नसताना फसते. सीपायथनच्या भांडारात यासाठी गिटच्या गुणधर्मांची एक फाइल आहे आणि तीत अशा नमुना फाइलींना हात लावू नये असे लिहिलेले आहे. तिथे एकही ‘जर’ नाही, तरी तीही चाचणीसंचाचाच भाग आहे असे मी मानतो.

या सगळ्यात विंडोजला कटकट मानण्याची एक रीत आमच्या व्यवसायात आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. उघडी असलेली फाइल विंडोजवर सहसा पुसता येत नाही. लिनक्सवर ती खुशाल पुसता येते. त्यामुळे ज्या चाचणीने फाइल उघडून बंद करायचे राहून गेले आहे, ती लिनक्सवर वर्षानुवर्षे पास होते आणि विंडोजवर आवराआवरीच्या वेळी फसते. त्यावर ‘विंडोजवर वगळा’ अशी अट घालणारे बदल मी इतर प्रकल्पांत पाहिले आहेत. अशी अट म्हणजे एका खऱ्या गळतीवर घातलेले पांघरूण असते. विंडोज तिथे फक्त शिस्तीचा परीक्षक असतो. हेच प्रशासकाच्या खात्याबद्दलही म्हणता येईल. ‘परवानगी नसलेली फाइल उघडता येऊ नये’ अशी चाचणी कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात, रूट या सर्वाधिकारी खात्याने चालवली की फसते, कारण रूटला कुणी अडवत नाही. तिथे वगळण्याची अट सिस्टीमच्या नावाने लिहिली, तर ती सरळ चुकीची. फरक सिस्टीमचा नसून चालवणाऱ्याच्या अधिकाराचा आहे.

अटी लिहिल्या जातात, पण त्या काढायच्या कुणी? पायथनमध्ये पेप ११ हा दस्तऐवज कोणत्या सिस्टीमला कोणत्या पातळीचा पाठिंबा आहे हे सांगतो. पहिल्या पातळीत लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस यांची ठरावीक रूपे आहेत आणि त्यांपैकी कुठेही चाचण्या मोडल्या तर नवी आवृत्ती निघत नाही. त्याखालच्या पातळ्यांवर त्या त्या सिस्टीमची जबाबदारी नावानिशी घेणारी माणसे आणि चालू असलेले बिल्डबॉट, म्हणजे आपोआप बांधणी आणि चाचणी करणारी यंत्रे, लागतात. त्यांतली अनेक यंत्रे स्वयंसेवक चालवतात. याच दस्तऐवजात सोडून दिलेल्या सिस्टीमचीही नोंद आहे: बीओएस ३.० मध्ये गेली, विंडोजच्या ९५, ९८ या मालिकेचा पाठिंबा २.६ मध्ये संपला, ओएस/२ आणि व्हीएमएस यांना ३.३ मध्ये निरोप दिला गेला आणि त्यांचा कोड ३.४ मध्ये काढला गेला. पाठिंबा संपल्याचे आधी जाहीर करायचे आणि कोड त्यापुढच्या आवृत्तीत काढायचा, ही एका आवृत्तीची सवलत कुणी जबाबदारी घ्यायला पुढे येते का हे पाहण्यासाठी आहे. चाचण्यांतल्या अटी याच वेळी शोधून काढाव्या लागतात. ज्या अटींत सिस्टीमचे नाव आहे, त्या साध्या शोधाने सापडतात. ज्यांत फक्त ‘अमुक फंक्शन आहे का’ असे विचारले आहे, त्या सापडत नाहीत, कारण त्या कोणत्या सिस्टीमसाठी लिहिल्या होत्या याची खूणच त्यांत नसते. म्हणून क्षमतेची अट लिहिताना तिच्या कारणाच्या वाक्यात मी सिस्टीमचे नाव आणि आवृत्तीही लिहितो, आणि दुसऱ्या कुणाचा बदल तपासताना तेवढी एक गोष्ट नेहमी मागून घेतो.